मी केलेली भरती

माझा धाकटा भाऊ मिलिंद फौजेत गेला तो माझ्यामुळे. आमच्या गावात हे वाक्य कौतुकानं बोललं जातं, म्हणून आधी ते सरळ करून घेतो. त्याला जायचं नव्हतं आणि मी त्याला जायला लावलं. आपल्या देशात फौजेत जाण्याची सक्ती नाही, ज्याला जायचं तोच जातो, हे मी ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवताना दरवर्षी सांगतो. इतर देशांत कशी सक्ती असते, वय झालं की मुलाला बोलावणं कसं येतं, नाही म्हटलं तर काय होतं, हेही सांगतो. पोरं लिहून घेतात. मी खडू शोधण्याच्या निमित्तानं फळ्याकडे वळतो. सक्ती करायला सरकारच लागतं असं नाही, ती एखाद्या घराच्या अंगणातही करता येते, हे त्या पुस्तकात नाही आणि मी ते अजून वर्गात बोललेलो नाही.

आमचं गाव आर्णीपासून सायकलनं जाण्यासारखं. वस्तीत विहाराच्या मागे आमच्या दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. बाबा आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कापूस मशीनवर टाकायचे. संध्याकाळी घरी आले की आत येण्याआधी अंगणात उभे राहून डोक्याचं फडकं झटकायचे, मग सदरा झटकायचे, मग खोकायचे. भुवयांवर, कानाच्या केसांवर कापसाचे तंतू बसलेले असत आणि माय पदरानं ते टिपून काढायची. हंगामात वारा तिकडून असला की पहाटे जिनिंगचा भोंगा गावापर्यंत यायचा. मी जी वर्षं सांगतो आहे त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलं होतं. गावात कापूस घरातच पडून राहायचा, लोक भावाची वाट पाहायचे, आणि जिनिंग कधी चालायचं, कधी नाही. माय चुलीपुढे बसून भाकर थापता थापता मध्येच हात थांबवायची. भोंगा वाजतो का ते ऐकत असायची. वाजला नाही की पुन्हा थापायला लागायची, पण त्या भाकरीच्या थापेचा आवाज वेगळा असायचा. मग बाबा दिवसभर अंगणात सायकल उलटी करून चाकं फिरवत बसायचे. त्या सायकलला काहीही झालेलं नसायचं.

अशा घरात मिलिंद हसरा होता. तो दहावीनंतर शाळेत रमला नाही. गावच्या किसनकाका आचाऱ्यासोबत लग्नांमध्ये स्वयंपाकाला जायला लागला आणि तिथे त्याचा हात बसला. आर्णी, दारव्हा, पार बोरी अरबपर्यंत दोघं जायचे. परत आला की त्याच्या अंगाला फोडणीचा वास आणि हातात काहीतरी बांधून आणलेलं. घरातही जिनिंग बंद असलेल्या दिवसांत चूल तोच सांभाळायचा. वांगी चुलीत भाजून, त्यांत हिरवी मिरची आणि कांद्याची पात चुरून तो असं काही करायचा की बाबा न बोलता तिसरी भाकर घ्यायचे. थंडीत तुरीचे हिरवे दाणे खरपूस परतून, पाट्यावर वाटून केलेली आमटी. आणि रोडगे. गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्यात कणकेचे गोळे पुरायचे, राख झटकून फोडायचे, वरण ओतायचं. एकदा शेजारच्या रमाकाकूनं मायला टोमणा मारला, "तुहा पोट्टा सैपाकात लय हुशार, आता सून कायले पाह्यतं?" मायनं उत्तर द्यायच्या आत मिलिंद चुलीपुढून ओरडला, "काकू, सून येऊन खाईन नं! तिच्या जेवणाचं पाहून राह्यलो." काकू हसत हसत वाटी पुढे करून रस्सा घेऊन गेली. आर्णीच्या बसस्टँडजवळ खानावळ टाकायची, हे त्याचं ठरलेलं होतं. चार बाकं, एक भट्टी. जागासुद्धा त्यानं हेरून ठेवली होती.

मी तेव्हा यवतमाळला बी.ए. करत होतो आणि वक्तृत्व स्पर्धा गाजवत होतो. त्या वर्षी एका वादविवादाचा विषय होता, सैन्यसेवा सक्तीची असावी की ऐच्छिक. मी सक्तीच्या बाजूनं बोललो. आजही ते भाषण मला आठवतं, कारण त्यातला मुद्दा खोटा नव्हता. मी म्हणालो होतो की ऐच्छिक म्हणतात ती इच्छा कुणाची असते ते पाहा. ज्याच्या घरी सोय आहे त्याचा मुलगा डॉक्टर होतो, ज्याच्या घरी नाही त्याचा मुलगा भरतीच्या मैदानावर धावतो. भूक ज्याला हाकलते त्याला आपण स्वयंसेवक म्हणतो. सक्ती असेल तर बंगल्यातला आणि झोपडीतला एका रांगेत उभे राहतील. टाळ्या थांबत नव्हत्या. मला ढाल मिळाली. ती मी एसटीत मांडीवर धरून, कापड थोडं सरकवून, लोकांना दिसेल अशी घरी आणली.

पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडावंदन झालं आणि सरपंचांनी ढाल जिंकलेल्या पोराला बोलायला उभं केलं. समोर सगळं गाव होतं. खाली पोरं, मागे बाया, कडेला पाटलांची मंडळी खुर्च्यांवर. मी तेच भाषण केलं, पण गाव पाहून त्याचा शेवट बदलला. म्हणालो, सरकार सक्ती करत नाही तर आपण आपल्यावर करू, प्रत्येक घरानं एक मुलगा द्यावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून उत्तम चहावाला ओरडला, "मंग तू कवा जाऊन राह्यला बे, वक्ते? का ढालच पाठवतं सीमेवर?" सगळं मैदान हसलं. पाटलांची मंडळीही हसली. मी एकोणीस-वीस वर्षांचा, उंचीला पुरेसा, छातीला पुरेसा, काहीही कमी नसलेला. तो क्षण मी पुष्कळदा उलटून पालटून पाहिला आहे. मी "जातो" म्हणू शकलो असतो. हसून "चुकलं" म्हणून बसू शकलो असतो. मी हात वर केला आणि म्हणालो, "आमच्या घरचा मुलगा तयार आहे! माझा भाऊ मिलिंद फौजेत जाणार!"

हसणं थांबलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मिलिंद तिथे नव्हताच. तो शाळेच्या मागे कढईवर पोरांसाठी बुंदी पाडत होता. त्याला दोघांनी धरून आणलं, हातात झारा तसाच, कोपरापर्यंत तेल, कपाळावर घाम. त्याला वाटलं बुंदीत काही चुकलं. सरपंचांनी फोटोला घालायला आणलेला दुसरा हार त्याच्या गळ्यात घातला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी घोषणा दिली. मग बाबा उठले. माझे बाबा चारचौघांत कधी पुढे येणारे नव्हते. ते आले आणि मिलिंदच्या तेलकट हाताला धरून उभे राहिले, आणि पाटलांनी खुर्चीवरून उठून त्यांना नमस्कार केला. मी ते दृश्य पाहून खूश झालो होतो. हेही लिहायला हवं.

घरी आल्यावर मिलिंदनं गळ्यातला हार खुंटीला अडकवला आणि मला विचारलं, "दादा, माहं नाव काहून घेतलं? तुह्यं घ्याचं होतं."

"मी शिकून राह्यलो नं," मी म्हणालो. "अन् तुह्यासाठीच केलं. सरकारी नोकरी हाये, बाबाचं जिनिंग कवा बंद पडन सांगता येते का? कढई घासत जिंदगी काढतं का?"

"कढई माही हाये," तो म्हणाला.

माय भाकरीचं पीठ मळत होती. ती बाबांना म्हणाली, "त्याले कोणी विचारलं का पण?"

बाबा म्हणाले, "गावासमोर बोलणं झालं आता. पाटील उठून उभा राह्यला, पाह्यलं नाई तू? आता मांगं सरलो तं तोंड कुठं दाखवू?" ते रागानं बोलले नाहीत, जवळजवळ विनवणीनं बोलले. मागे सरण्याची लाज माझी होती, त्यांची नव्हे, आणि मिलिंदच्या जागीही मीच असायला हवा होतो, हे आज कळतं. तेव्हा मी जेवलो आणि झोपलो.

मग धावणं सुरू झालं. सकाळी मी सुट्टीत घरी असलो की सायकलवर त्याच्या मागे असायचो. "उचल पाय! उचल!" वस्तीतली म्हातारी माणसं ओट्यावरून हात वर करायची, पोरं थोडं अंतर सोबत धावायची. सगळं गाव त्याला धावताना पाहत होतं, त्यामुळे त्याला थांबता येत नव्हतं. भरतीच्या दिवशी आम्ही यवतमाळच्या मैदानावर गेलो. नातेवाइकांना जाळीच्या बाहेर थांबवलं होतं. मिलिंद शेवटच्या चकरेपर्यंत पुढच्या घोळक्यात होता. मग मी पाहिलं, तो हळू झाला. दम लागला म्हणून नाही. मी त्याला रोज मागून पाहिलेलं होतं, दमला की त्याचा डावा खांदा खाली पडतो. खांदा सरळ होता. त्यानं एकेकाला पुढे जाऊ दिलं, अगदी एखाद्या पंगतीत आधी दुसऱ्यांना वाढावं तसं, आणि वेळ संपल्याची दोरी आडवी पडल्यावर तिच्यापर्यंत पोचला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा होता. "नाई झालं, दादा," तो म्हणाला, आणि स्टँडवर त्यानं आमच्या दोघांसाठी समोसे घेतले. चावून पाहत म्हणाला, "आलूत धने कमी टाकले यानं."

मी इथे गप्प बसलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. गावानं म्हटलं असतं, पोरानं प्रयत्न केला, नशीब नव्हतं. बाबांची मान राहिली असती, खानावळ झाली असती. पण मला चीड आली होती. माझा शब्द त्यानं मैदानावर खोटा केला असं मला वाटत होतं. घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं आणि मी सांगितलं, "हा मुद्दाम हरला. मी पाह्यलं."

बाबांनी त्याला हात लावला नाही. त्या संध्याकाळी मिलिंदनं भरलेली वांगी केली होती. बाबांनी ताट पुढे ओढलं, भाजीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि कोरडी भाकर तिखट-मिठाशी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मायनं केलेलं ते खायचे, मिलिंदच्या हातचं बाजूला सारायचे. त्यानं आमटी केली, रोडगे केले, किसनकाकाकडून शिकून गोडाचंही केलं. वाटी तशीच राहायची. माय एकदा रडत म्हणाली, "अहो, अन्नावर कायले राग?" बाबा उठून गेले. किती दिवस हे चाललं ते आता नेमकं सांगता येणार नाही, पण एका सकाळी मिलिंदनं चुलीपासून उठून हात धुतले आणि म्हणाला, "जातो मी. पुढच्या भरतीले जातो." त्या दिवशी बाबांनी त्याच्या हातचं खाल्लं. त्यानंतर मिलिंदनं आमच्या घरात स्वयंपाक केला नाही.

पुढच्या भरतीत त्यानं खांदा पडू दिला, पण थांबला नाही. निवड झाली तेव्हा गावानं बँड लावला. उत्तम चहावाल्यानं सगळ्यांना फुकट चहा पाजला.

पुढची वर्षं बाहेरून पाहिली तर चांगलीच गेली. जिनिंग कायमचं बंद झालं तेव्हा घरात मिलिंदचा पगार येत होता. माझं बी.एड. त्यातून झालं, दोन खोल्यांचं पक्कं घर झालं, बाबांच्या खोकल्याचं यवतमाळला औषधपाणी झालं. बाबा गेले तेव्हा मिलिंद कुठेतरी बर्फात होता आणि पोचला तो तिसऱ्या दिवशी. लोक मला म्हणायचे, "तू बोल्ला म्हून पोट्ट्याचं कल्याण झालं." मी मान हलवायचो. आजूबाजूच्या घरांत त्या वर्षांत काय काय झालं ते पाहता, ते खोटं बोलत होते असंही म्हणता येत नाही. माझा अपराध म्हणूनच कुणाला दिसत नाही. तो आमच्या घराच्या सिमेंटमध्ये मिसळला आहे. मिलिंद सुट्टीवर यायचा, अंगणात बसायचा, समोर आलेलं जेवायचा, "चांगलं झालं" म्हणायचा. चुलीकडे, नंतर गॅसकडे, कधी गेला नाही. मायनं एकदा त्याच्यासमोर मुद्दाम कच्ची वांगी ठेवली. त्यानं ती उचलून तिच्या हातात दिली.

तो पेन्शनवर परत आला त्यालाही आता काही वर्षं झाली. त्याची मुलगी सुजाता बारावीला आहे. मागच्या हिवाळ्यात ती सकाळी धावायला लागली. मुलींचीही भरती असते, तिला जायचं आहे. मी एका रविवारी यवतमाळहून मोटारसायकलवर गावी गेलो, तर ती रस्त्यानं धावत येताना दिसली, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या. मिलिंद पुलाच्या कठड्यावर बसून होता. मी गाडी उभी करून त्याच्याजवळ बसलो. ती जवळून गेली तेव्हा मी हात वर केला आणि ओरडणार, तेवढ्यात मिलिंदनं माझा हात खाली ओढला.

"काही बोलू नको तिले, दादा."

"शाबासकी देऊन राह्यलो होतो, बाबा."

"तेच नको देऊ. धाव बी म्हणू नको, थांब बी म्हणू नको. गावात कोणापाशी नाव काढू नको. उद्या तिले वाटलं, नाई जाचं, तं तिले गुपचूप घरी येता आलं पायजे. शाबासकीनं माणूस अडकते." तो पुलाखालच्या कोरड्या नाल्याकडे पाहत होता. "मी बी तिले तीनदाच विचारलं. एकटीले. तिन्ही बार हो म्हणे. मंग म्हटलं, धाव."

मी इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. "तुले तिथं कोणी विचारलं होतं का?"

"विचारलं नं. साहेबानं विचारलं, अपनी मर्जी से आया है? मी म्हटलं, जी साब." तो थोडा हसला. "दुसरं काय म्हणणार होतो? भावानं भाषणात पाठवलं म्हणू? अन् त्या दिवसापासून मी मर्जीचाच माणूस झालो. ज्याले धरून नेते तो सरकारले शिव्या तरी देते. मी कोणाले देऊ? बाबाले? तुले?"

"मले द्याच्या होत्या."

"तू दिसे कवा? तुहं लेक्चर राहे."

सुजाता वळणावरून पलीकडे गेली होती. मी म्हणालो, "सैपाक काहून सोडला तू? तिथं लंगरात, जवानाइच्या सैपाकावर, घेतलं असतं तुले. बंदूक तरी सुटली असती."

मिलिंदनं कठड्यावरचा एक खडा उचलून नाल्यात टाकला. मग म्हणाला, "सांगतलंच नाई कोणाले. येते म्हून सांगतलं असतं तं रोज हुकमानं करा लागला असता. पोरं कच्चं-पक्कं खात, मी बी खाय, तोंड नाई उघडलं. तेवढं एक माहं होतं, दादा. ते नाई देलं मी त्याहिले. अन् घरी देलं तं बाबानं वाटी सरकवली. मंग इथं बी नाई देलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर बोलून पोट भरलं आहे, आणि त्या कठड्यावर मला शब्द जुळवता येईनात. शेवटी जसे आले तसे बोललो. "मिलिंद, उत्तम मले हसला म्हून मी तुहं नाव घेतलं. देशासाठी नाई, घरासाठी नाई, बाबासाठी नाई. मले भ्या वाटलं का लोक मलेच जा म्हणतीन. अन् मैदानावरचं बाबाले सांगतलं, ते तू माहा शब्द पाडला म्हून. तुह्या भल्यासाठी केलं असं मी म्हणत आलो, ते खोटं होतं. माहं चुकलं. मले माफ कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "माफ करता येते का नाई, मले नाई माहीत," तो म्हणाला. "पाहू दे मले."

तेवढ्यात सुजाता परत आली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, दम घेत आम्हा दोघांकडे पाहू लागली. "काय झालं? मोठेबाबा, तुमी रडून राह्यले का?"

"तुहे मोठेबाबा माफी मागून राह्यले," मिलिंद म्हणाला.

"कायची?"

मिलिंदनं मान माझ्याकडे वळवली आणि वाट पाहिली. तिला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की मोठेबाबांनी भाषण केलं आणि तिचे वडील देशासाठी निघाले. मी तिला कठड्यावर जागा करून दिली आणि सगळं सांगितलं. ढाल, उत्तमचं हसणं, झारा धरलेला हात, सरळ राहिलेला खांदा, बाजूला सारलेली वाटी. काही गाळलं नाही, कुठेही आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर उठलो, भावापुढे उभा राहिलो आणि त्याच्या मुलीसमोर त्याची पुन्हा माफी मागितली.